मतदान यंत्र आणि वस्तीचे मत

१९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडला. १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. संविधानाने तो दिला. इतक्या झगड्यानंतर मिळालेले मत कसे घेतले जाते आणि कसे मोजले जाते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोडून आपल्याला चालणार नाही.

मतदान यंत्राचा इतिहास वादापासूनच सुरू होतो. मे १९८२ मध्ये केरळातील परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर यंत्रे प्रथम वापरली गेली. कायद्यात यंत्राला आधार नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तेथील मतदान रद्द केले. फेरमतदान कागदावर झाले आणि निकाल फिरला. पुढे कायदा बदलला. २००४ ची लोकसभा निवडणूक सर्वत्र यंत्रांवर झाली.

यंत्राचा एक उपकार मान्य केला पाहिजे. पूर्वी केंद्र बळकावून घटकाभरात गठ्ठ्यांवर शिक्के मारता येत. यंत्र मिनिटाला चार-पाचांहून अधिक मते घेत नाही. ज्यांची मते परस्पर मारली गेली, त्यांत आपली माणसे पुष्कळ होती.

पण २०१० साली संशोधकांनी एक यंत्र उघडून, ते हाती लागल्यास फेरफार होऊ शकतो हे दाखवले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कागदी चिठ्ठी आवश्यक ठरवली. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्याच चिठ्ठ्या पडताळणीसाठी मोजतात. सर्व मोजण्याची मागणी न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. जर्मनीच्या घटना न्यायालयाने मात्र २००९ सालीच सांगितले होते की, मतमोजणी सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय तपासता आली पाहिजे.

या चर्चेत एक प्रश्न मागे पडतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात, मतदारांवर दहशत येईल असे दिसल्यास, निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्र केंद्रनिहाय मोजले जाते. गावकुसाबाहेरच्या वस्तीचे केंद्र वेगळे असले, की वस्तीने कोणाला मत दिले हे त्याच दिवशी उघड होते. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण गुप्त मतदानाचा अर्थ मला पुस्तकापेक्षा वस्तीत अधिक कळला. निकालानंतर आकड्यांचा कागद घेऊन आलेला पुढारी आणि त्याच्यापुढे मान खाली घालून उभी असलेली, रोजाने त्याच्याच शेतावर राबणारी माणसे मी पाहिली आहेत.

यावर उपाय सुचवला गेला होता. चौदा केंद्रांची मते एकत्रच दाखवणारे उपकरण निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले. विधी आयोगाने २०१५ साली पाठिंबा दिला. केंद्र सरकारने ते मानले नाही.

माझे म्हणणे एवढेच : चौदा केंद्रांची मते एकत्र मोजावीत आणि त्याच केंद्रांच्या चिठ्ठ्याही मिसळून ताडून पाहाव्यात. मत पोचले याची खात्री आणि मत कोणाचे हे न कळण्याची हमी, दोन्ही एकदम मागितल्या पाहिजेत. पहिलीवाचून आपण फसवले जाऊ. दुसरीवाचून मजूर मालकाच्या नजरेखालीच बटण दाबत राहील.