विद्युत् दाब–प्रवाह परिवर्तक

संवेदकाकडून मिळणाऱ्या विद्युत् दाबाच्या प्रमाणात प्रवाह देणारे इलेक्ट्रॉनीय मंडल. संवेदक नियंत्रण कक्षापासून लांब असल्यास तारांच्या रोधामुळे दाबसंकेत घटतो व त्यात गोंगाट मिसळतो. एकसरी मंडलात प्रवाह मात्र सर्वत्र सारखाच राहतो. म्हणून नाशिकच्या सातपूर, अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत तापमान, दाब, पातळी यांच्या मापनासाठी ४ ते २० मिलिअँपिअर हा संकेत रूढ आहे.

नेहमीच्या मंडलात ऑप-अँप ट्रान्झिस्टरमार्फत मापन-रोधकातील प्रवाह असा राखतो, की त्या रोधकावरील दाब आदान दाबाइतका होतो. रोधक २५० ओहमचा व आदान १ ते ५ व्होल्ट असल्यास ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. भाराचे एक टोक भूसंपर्कित हवे असल्यास हाउलंड मंडल वापरतात. त्यातील रोधकांची गुणोत्तरे काटेकोर जुळावी लागतात.

शून्य मापनालाही ४ मिलिअँपिअर वाहत असल्याने तार तुटल्याचे लगेच कळते. २४ व्होल्ट पुरवठ्यावर कमाल प्रवाहाला मापन-रोधक व ग्राहकाकडील २५० ओहमचा रोधक प्रत्येकी ५ व्होल्ट घेतात. तारा व ट्रान्झिस्टर यांसाठी १४ व्होल्ट उरतात.