डोके व मानेच्या कर्करोगावरील किरणोपचार : दुष्परिणाम कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास

राँटजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. हे किरण रोगट पेशींबरोबर निरोगी त्वचेलाही जाळतात, ही बाब पुढील काही वर्षांतच ध्यानात आली. म्हणून किरणोपचाराचा इतिहास हा एका अर्थी निरोगी ऊतींना वाचविण्याचा इतिहास होय. डोके व मानेच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट ठरतो. कारण तेथे जीभ, घसा, लाळग्रंथी, जबड्याचे हाड व मज्जारज्जू एकमेकांस अगदी लगटून असतात.

पहिले मोठे पाऊल यंत्राचे नव्हते, वेळापत्रकाचे होते. पॅरिस येथे रेगो व कुटार यांनी १९२० च्या दशकात किरणांची मात्रा अनेक दिवसांत विभागून देण्याची पद्धत रूढ केली. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० यंत्रे उपयोगात आली. त्यांच्या किरणांची कमाल मात्रा पृष्ठभागाच्या किंचित खाली पडत असल्याने त्वचेचे भाजणे कमी झाले. लाळग्रंथी मात्र वाचल्या नाहीत. कायम कोरडे राहणारे तोंड ही रुग्णाची आयुष्यभराची व्यथा होऊन बसली. कोरडी भाकरीही पाण्याच्या घोटाशिवाय घशाखाली उतरेना.

महाराष्ट्रात या विषयाचे केंद्र म्हणजे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले व १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. या संस्थेत २००५ ते २००८ या काळात ६० रुग्णांवर यादृच्छिक चाचणी घेण्यात आली. किरणांची तीव्रता ठिकठिकाणी बदलणारी पद्धती व त्रिमितीय पद्धती यांची त्यात तुलना होती. उपचारकाळातील लाळग्रंथींचा मध्यम ते तीव्र त्रास जुन्या पद्धतीत ८९ टक्के, तर नव्या पद्धतीत ५९ टक्के रुग्णांना झाला. रोगनियंत्रणात लक्षणीय फरक आढळला नाही. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आदल्याच वर्षी ब्रिटनमधील ९४ रुग्णांच्या चाचणीनेही लाळग्रंथी वाचविता येतात असेच दाखविले होते. ५९ हा आकडाही लहान नव्हे, हे विसरता येत नाही.

खानदेशाच्या दृष्टीने प्रश्न केवळ यंत्राचा नाही. १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाने देशाला परिचित झालेल्या फैजपूरहून मुंबईस जावयाचे तर भुसावळ गाठून रेल्वेचा रात्रभराचा प्रवास; उपचार मात्र सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. तोंडात फोड येऊन गिळणे बंद झाले की उपचार मध्येच सोडण्याचा मोह होतो. खंड पडला की रोग नियंत्रणात येण्याची शक्यता घटते. म्हणजे येथे दुष्परिणाम आवरणे हा सुखसोयीचा विषय राहत नाही, जीव वाचविण्याचा होतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले 'भाभाट्रॉन' हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र २००५ मध्ये खारघर येथे बसविले गेले. लहान केंद्रांना परवडणाऱ्या यंत्राची गरज त्यामागे होती.

काही उपायांना यंत्र लागतच नाही. उपचारापूर्वी दंतवैद्याकडून किडलेले दात काढून घेतल्यास पुढे जबड्याचे हाड सडण्याचा धोका कमी होतो. मीठ व खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने वारंवार चूळ भरणे, तंबाखू पूर्ण बंद ठेवणे व वजनावर लक्ष ठेवणे हे तालुक्याच्या दवाखान्यातही सांगता येते.