मराठी भयकथाकाराचा लेखनव्यवसाय आणि वाचनालय-संस्कृती: नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनात कथा-कादंबरीचा विचार मुख्यतः प्रवाहांच्या अंगाने झालेला आहे. नवकथा, ग्रामीण साहित्य, दलित साहित्य, स्त्रीवादी साहित्य यांना त्यात स्वतंत्र प्रकरणे लाभली. भयकथेच्या वाट्याला मात्र बहुधा 'रंजनपर वाङ्मय' या शीर्षकाखालील एखादा परिच्छेद आला आणि त्यातही लेखकांच्या नावांच्या यादीपलीकडे फारसे काही आढळत नाही. भयकथा वाङ्मयीन गुणवत्तेच्या कसोटीस उतरते किंवा नाही, हा प्रश्न येथे बाजूस ठेवला आहे. ही कथा कोणत्या व्यवस्थेत लिहिली गेली, तिच्या लेखकाचे पोट कशावर चालले आणि त्या व्यवस्थेने भीतीला कोणता आकार दिला, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न नाशिक रोडसारख्या गावातून अधिक स्पष्ट दिसतो. रेल्वे स्थानकाभोवती वाढलेल्या या वस्तीत १९२५ मध्ये भारत प्रतिभूती मुद्रणालय सुरू झाले आणि १९२८ मध्ये चलार्थ पत्र मुद्रणालयाची भर पडली. रेल्वे आणि मुद्रणालय यांमुळे महिन्याचा पगार घेणारा साक्षर वर्ग येथे स्थिरावला. जवळच्या नाशिक शहरात १८४० पासूनची सार्वजनिक वाचनालयाची परंपरा होतीच. पुस्तक विकत घेण्याइतके पैसे नेहमी हाती नसलेला, परंतु महिन्याची वर्गणी भरू शकणारा हा वाचक महाराष्ट्रातील सर्वच रेल्वेगावांत व गिरणगावांत होता. मराठी भयकथा प्रामुख्याने याच वाचकासाठी लिहिली गेली.

वर्गणीचे पुस्तक

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळू लागले. त्याच्या जोडीला शहरोशहरी खासगी वाचनालयेही होती. एखाद्या गाळ्यात किंवा घराच्या पुढच्या खोलीत ती चालत. अनामत रक्कम, मासिक वर्गणी, खाकी वेष्टन, आतल्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी आणि उशीर झाल्यास दंड असा त्यांचा सर्वसाधारण कारभार असे. गल्ल्यावर बसणारा चालक हाच तेथील समीक्षक. कोणते पुस्तक 'फिरते' आणि कोणते कपाटात पडून राहते, हे त्याला वहीवरून कळत असे आणि पुढील खरेदी तो त्यानुसारच करी.

बाबुराव अर्नाळकर यांच्या रहस्यकथांनी हा वाचक आधीच घडवलेला होता. झुंजार, काळापहाड अशा नायकांच्या आधारे त्यांनी एक हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. वाचक लेखकाच्या नावाइतकेच नायकाच्या नावाने पुस्तक मागतो, हा धडा पुढील सर्व लोकप्रिय लेखकांना तेथूनच मिळाला.

नारायण धारप (१९२५–२००८) यांचे लेखन या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. पुण्याचे धारप यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांत भयकथा व भयकादंबऱ्यांचे प्रमाण मोठे असले, तरी विज्ञानकथाही आहेत. 'नेनचिम' हे त्याचे उदाहरण. शंभराचा आकडा कौतुकाने सांगितला जातो, परंतु तो सर्वप्रथम एक आर्थिक आकडा आहे. वाचनालयाने पुस्तकाची एक प्रत घेतली की लेखकाला त्या एका प्रतीचेच मानधन मिळे. तीच प्रत पुढे दहा वर्षे शेकडो घरांत फिरली, तिची शिवण उसवली, ती पुन्हा बांधली गेली, तरी लेखकाच्या पदरी अधिक काही पडत नसे. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने वाचनालयातून पुस्तक नेले गेल्यास लेखकाला मोबदला मिळण्याचा हक्क मान्य झाला; डेन्मार्कमध्ये तो १९४६ पासूनच होता. भारतात असा हक्क अस्तित्वात नाही. अशा स्थितीत लोकप्रियतेचे उत्पन्नात रूपांतर करण्याचा एकच मार्ग लेखकाजवळ उरतो, तो म्हणजे पुढचे पुस्तक लवकर लिहिणे. जास्त लिहिणारा लेखक सवंगच असणार, असा जो ग्रह समीक्षेत दिसतो, तो या साध्या हिशेबाकडे दुर्लक्ष केल्यामुळे दृढ झालेला आहे.

भीतीचा आकार

धारपांच्या कथेची काही ठळक वैशिष्ट्ये या व्यवस्थेशी जोडून पाहता येतात. पहिले म्हणजे 'समर्थ' ही व्यक्तिरेखा. अमानवी शक्तींशी सामना करणारा, सिद्धी असलेला हा पुरुष अनेक पुस्तकांतून पुन्हा पुन्हा येतो. इंग्रजीत अल्जरनॉन ब्लॅकवुडचा जॉन सायलेन्स (१९०८) किंवा विल्यम होप हॉजसनचा कारनॅकी हे याच जातीचे नायक होत. मराठीत मात्र या नायकाला दुहेरी काम होते. तो वाचकाला पुढील पुस्तकाकडे नेई आणि त्याच वेळी प्रत्येक कथेच्या अखेरीस घराची घडी पुन्हा बसवून देई. रात्री अकरा वाजता पुस्तक मिटून सकाळच्या पाळीला जाणाऱ्या वाचकाला ही हमी हवी होती.

दुसरे वैशिष्ट्य स्थळाचे. मराठी लोकपरंपरेत भुतांची मोठी वर्गवारी आहे. सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुंजा पिंपळावर राहतो, बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची हडळ होते, गिऱ्हा पाण्यात ओढतो, चकवा वाट चुकवतो. या प्रत्येकाचे ठिकाण आणि नियम ठरलेले असल्यामुळे त्याला टाळताही येते. धारपांच्या अनेक कथांतील अनिष्ट शक्तीला असे ओळखीचे नाव नसते. 'अनोळखी दिशा' हे त्यांच्या संग्रहाचे शीर्षकच याबाबत बोलके आहे. '४४० चंदनवाडी' हे शीर्षक तर सरळ एक टपालाचा पत्ता आहे. भय पिंपळावरून उतरून नगरपालिकेचा क्रमांक असलेल्या घरात राहायला आले, हा बदल लहान नव्हे. चाळीतून ब्लॉकमध्ये आलेल्या आणि गावाकडची भुते मागे सोडून आलेल्या मध्यमवर्गाला नव्या घराचे म्हणून एक भय आवश्यक झाले होते, असे म्हणता येईल.

तिसरी गोष्ट संयमाची. येथे पाश्चात्त्य देशांतील समांतर घडामोड लक्षात घेणे उपयुक्त ठरते. १९८० च्या दशकात अमेरिकेत देहाची विटंबना व हिंसा कोणताही आडपडदा न ठेवता वर्णन करणारा भयकथेचा प्रवाह पुढे आला. डेव्हिड शॉ या लेखकाने १९८६ मध्ये त्यास 'स्प्लॅटरपंक' असे नाव दिले. जॅक केचम यांची 'ऑफ सीझन' ही कादंबरी १९८० च्या सुमारास आली, तेव्हा प्रकाशकाने तिच्यात काटछाट केली होती. तिची संपूर्ण संहिता १९९९ मध्ये एका छोट्या प्रकाशनसंस्थेने छापली. हा तपशील महत्त्वाचा आहे. या प्रवाहाला जगवले ते छोट्या प्रकाशकांनी, लेखकाच्या स्वाक्षरीच्या मर्यादित आवृत्त्यांनी, संमेलनांनी आणि त्यांना नियमित जाणाऱ्या वाचकांनी. २०१८ पासून या लेखनासाठी स्वतंत्र पुरस्कारही दिले जाऊ लागले. तेथे वाचक पुस्तक स्वतःसाठी विकत घेतो, किंमत अधिक असली तरी देतो, आणि आपल्या आवडीचे इतर लोक शोधून काढतो. त्यामुळे थोड्या वाचकांवरही टोकाचे लेखन तग धरू शकते.

मराठीत हे घडले नाही. 'मराठी मन सोज्वळ आहे' असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते, परंतु ते पुरेसे नाही; तमाशातील बतावणी किंवा कीर्तनातील नरकाची वर्णने ऐकणाऱ्या समाजाबद्दल असे विधान जपूनच करावे. खरे कारण पुस्तकाच्या प्रवासात आहे. वाचनालयाचे पुस्तक एकाच व्यक्तीसाठी घरी येत नसे. ते मुलगा वाचे, त्याची आई दुपारी वाचे, आजोबा चष्मा पुसून वाचत आणि नको म्हटलेले असूनही धाकटी बहीण वाचे. आक्षेपार्ह पानाची तक्रार थेट चालकाकडे जाई आणि चालक त्या लेखकाची पुढची प्रत घेताना विचार करी. लेखणीवर हा जो लगाम आला, त्याचे धारपांनी बळ करून घेतले. दार उघडण्यापूर्वीचा क्षण, कोपऱ्यातील वास, माणसाच्या स्वभावात हळूहळू दिसणारा फरक यांवर त्यांची कथा पाने व्यापते आणि दार उघडल्यावर थोडक्यात आटोपते. कधी कधी ती फारच थोडक्यात आटोपते, हेही नमूद केले पाहिजे. शेवटच्या प्रकरणांत झालेली घाई त्यांच्या अनेक कादंबऱ्यांत जाणवते.

बँक आणि दिवाळी अंक

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांचा मार्ग निराळा होता. १९५५ मध्ये त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून सादर झाली. पुढे त्यांनी बँक ऑफ इंडियात नोकरी केली आणि १९७८ मध्ये ती सोडून ते पूर्ण वेळ लेखन व रंगभूमीकडे वळले. म्हणजे त्यांच्या गूढकथांचा पहिला महत्त्वाचा काळ हा नोकरदार माणसाचा काळ आहे. पगार चालू असल्यामुळे महिन्याला पुस्तक देण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. त्यांनी लघुकथेचा प्रकार जोपासला आणि कथेला वेळ दिला. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम' हे संग्रह त्याची साक्ष देतात.

लघुकथेला जागा नियतकालिकांनी दिली. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केल्यापासून मराठी कथालेखकाचे वर्ष आश्विनाभोवती फिरत आले आहे. अनंत अंतरकर यांचे 'नवल' हे तर गूढ, अद्भुत व साहस यांनाच वाहिलेले होते आणि 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकांनी रहस्य व भय यांचा खास वाचक सांभाळला. अशा अंकासाठी कथा उन्हाळ्यात वा पावसाळ्याच्या तोंडावर लिहावी लागे. ती एका बैठकीत वाचून होणारी आणि शेजारच्या पानावरील विनोदी लेखाशी स्पर्धा करणारी असावी लागे. शेवटच्या काही ओळींत फिरणारी मतकरींची कथा या गरजेला उत्तम उत्तर होती.

आपल्या कथेला 'भयकथा' न म्हणता 'गूढकथा' म्हणावे, असा मतकरींचा आग्रह होता. त्यांच्या कथेत भुतापेक्षा माणसाचे मन अधिक भयावह ठरते, हे त्यामागचे वाङ्मयीन कारण होय. तथापि या नावाचा व्यावहारिक उपयोगही दुर्लक्षिण्याजोगा नाही. 'गूढकथा' हे नाव घेऊन आलेला लेखक वाचनालयाच्या गल्ल्यावरून साहित्य संमेलनाच्या मंचापर्यंत जाऊ शकत होता. 'भयकथा' हे नाव घेऊन आलेल्या धारपांना ती वाट तितकी मोकळी नव्हती. नाटककार, बालनाट्याचे प्रवर्तक, 'लोककथा ७८'चे लेखक म्हणून मतकरींना मिळालेल्या प्रतिष्ठेचा लाभ त्यांच्या गूढकथेलाही झाला. लोकांना आयुष्यभर घाबरवणारा हा लेखक 'निर्भय बनो' आंदोलनात सहभागी होता, ही गंमतही येथे नोंदवण्यासारखी आहे.

रूपांतराचा प्रश्न

धारपांच्या बाबतीत सर्वाधिक चर्चा होते ती आधारित लेखनाची. 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट' (१९७५) वर आणि 'शपथ' ही 'इट' (१९८६) वर बेतलेली आहे. आजच्या दृष्टीने हा प्रश्न गंभीर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये रूपांतराचा हक्क मूळ लेखकाकडे असतो. परंतु मराठी वाङ्मय रूपांतरावर वाढलेले आहे, हेही विसरता येत नाही. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) 'हॅम्लेट'वरून आणि देवलांचे 'झुंझारराव' (१८९०) 'ऑथेल्लो'वरून आले. लोकप्रिय कादंबरीत तर मूळ लेखकाचा नामनिर्देश करण्याचा प्रघात कधीच सार्वत्रिक नव्हता. शेक्सपिअरकडून घेतले तर संस्कार आणि किंगकडून घेतले तर उचल, असा दुहेरी न्याय समीक्षेने लावू नये, इतकेच येथे म्हणावयाचे आहे. दोहोंतील कालाचा व हक्काचा फरक त्यामुळे नाहीसा होत नाही.

शिवाय हे रूपांतर वाटते तितके सोपे नव्हते. 'सालेम्स लॉट'मधील प्रतिकार क्रूस, पवित्र जल आणि कॅथलिक धर्मगुरू यांच्या आधारे उभा राहतो. मराठी वाचकाच्या घरात यांपैकी काहीच नाही. रक्तपिपासू मृतात्म्याची कल्पना परकी, आणि त्याला रोखण्याची साधनेही परकी. तेव्हा रूपांतरकाराला केवळ गावाचे व माणसांचे नाव बदलून भागत नाही. श्रद्धेची संपूर्ण यंत्रणा पुन्हा उभारावी लागते, अन्यथा भय पोकळ ठरते.

ऐकलेली कथा

वाचनालयाच्या नोंदवहीत न सापडणारा आणखी एक वाचक होता. तो म्हणजे कथा ऐकणारा. वसतिगृहात, शिबिरात, वीज गेलेल्या रात्री गच्चीवर, ज्याने पुस्तक वाचले आहे त्याने ते इतरांना सांगावे, ही पद्धत सर्वत्र होती. सांगताना कथेत भर पडे, लेखकाचे नाव मात्र गळून जाई. संमेलने वा संघटना नसलेल्या मराठी भयकथेचा वाचकसमाज खरे तर असा होता.

१९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात राही अनिल बर्वे यांना एका मित्राने रात्री धारपांची 'आजी' ही कथा सांगितली. ही कथा किंग यांच्या 'ग्रॅमा' या कथेवर आधारलेली. 'ग्रॅमा'मध्ये हस्तर हे नाव येते. ते किंग यांच्याकडे लव्हक्राफ्ट यांच्या परंपरेतून आले, लव्हक्राफ्टकडे रॉबर्ट चेंबर्स यांच्या १८९५ च्या पुस्तकातून आणि चेंबर्सकडे अँब्रोज बिअर्स यांच्याकडून. बिअर्स यांच्या कथेतील हस्तर हा मेंढपाळांचा सौम्य देव होता. बर्वे यांनी पुढे काही वर्षांनी पटकथेचा पहिला खर्डा लिहिला आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी 'तुंबाड' प्रदर्शित झाला. चित्रपटाचे शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेले, कथाबीजाचा एक धागा धारपांचा आणि राक्षसाचे नाव हस्तर. धारपांचे निधन त्यापूर्वी दहा वर्षे, १८ ऑगस्ट २००८ रोजी झाले होते. त्यानंतर त्यांच्या अनेक पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आणि ती विकत घेऊन वाचली जाऊ लागली. खाकी वेष्टनातल्या जुन्या प्रती मात्र अजूनही काही वाचनालयांच्या मागच्या कपाटांत आहेत. आतल्या चिठ्ठीवर तारखांना जागा उरली नाही म्हणून दुसरी चिठ्ठी चिकटवलेली, आणि तिच्यावर तिसरी.