मांडवीची मुले, मुंबईचे कोर्ट

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरच्या घरातला नवरा-बायकोचा तंटा कोर्टात गेला, तर तो चालणार कुठे, हा प्रश्न निदान शंभर वर्षे कायद्यातल्या कलमांइतकाच महत्त्वाचा होता. बाप मुंबईत गिरणीवर किंवा जहाजावर खलाशी, आई मुलांसह सासरी नाहीतर माहेरी, आणि महिन्याची मनिऑर्डर हाच दोघांतला दुवा, अशी या किनाऱ्यावरच्या अनेक घरांची घडी होती. मनिऑर्डर थांबली की मुलांचे पोट कोणी भरायचे आणि मुले कोणाकडे राहायची, हे दोन्ही प्रश्न एकदम उभे राहत.

असे तंटे पूर्वी जातपंचायतीपुढे जात. ज्या जातींत काडीमोड आणि पाट यांना मान्यता होती, तिथे सोडचिठ्ठीबरोबर मुलांचाही निवाडा होई. १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका फौजदारी प्रकरणात स्पष्ट केले, की लग्न मोडण्याचा किंवा बाईला पाटाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. १८५६ च्या पुनर्विवाह कायद्याने विधवेला लग्नाची मोकळीक दिली, पण तिसऱ्या कलमात एक पाचरही मारली. तिने पुन्हा लग्न केले, तर मयत नवऱ्याचे नातेवाईक मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याचा अर्ज करू शकत. देवरुखच्या गोदूबाईंचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्यांना पहिल्या लग्नाचे मूल नव्हते, म्हणून हे कलम त्यांच्या आड आले नाही. पदरी मूल असलेल्या विधवेला मात्र नवे घर की पोटचे पोर, अशी निवड करावी लागण्याची भीती होती. सुधारणेच्या कायद्यातली ही क्रूरता विसरण्याजोगी नाही.

मुलांच्या ताब्याचा दावा १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात चाले, तोही मूल जिथे नेहमी राहते त्या जिल्ह्यात. म्हणजे मूल मांडवीत असेल, तर मुंबईच्या बापाला रत्नागिरीला यावे लागे. पोटगीचे उलटे होते. निराधार बायका-मुले रस्त्यावर येऊ नयेत म्हणून १८६१ पासूनच पोटगीची तरतूद फौजदारी प्रक्रियेत होती. १८९८ च्या संहितेत ती कलम ४८८ मध्ये आली. नवरा जिथे राहतो किंवा सापडतो, अथवा दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिले, तिथेच हा अर्ज करता येई. मुंबईतल्या चाळीत संसार मोडून मुलांना घेऊन माहेरी परतलेल्या बाईला तारखेसाठी मुंबईच गाठावी लागे. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत. मग घाट चढून कोल्हापूरमार्गे जायचे, किंवा तारीख चुकवायची. एवढे करून पदरात पडणार किती? १८९८ मध्ये कमाल मर्यादा महिना ५० रुपये होती. ती १९२३ मध्ये १०० आणि १९५५ मध्ये ५०० झाली, आणि १९७३ च्या नव्या संहितेतही ५०० वरच राहिली.

तरी १९७३ च्या संहितेने एक मोठे काम केले. पत्नी जिथे राहते तिथेही पोटगीचा अर्ज करता येईल, असे कलम १२६ म्हणाले. पोटगीचे जुने कलम ४८८ आता १२५ झाले होते, आणि ही ‘एकशे पंचवीसची केस’ रत्नागिरीच्याच कोर्टात लागू लागली. २००१ मध्ये रकमेची मर्यादा उठली आणि अंतरिम पोटगीचीही सोय झाली. मुस्लिम घरांत घटस्फोटित पत्नीच्या पोटगीचा वाद १९८५ नंतर देशभर गाजला. मुलांपुरता प्रश्न १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला: घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांविषयीचा १९८६ चा कायदा काहीही म्हणो, बापाची कलम १२५ खालची जबाबदारी सुटत नाही.

ताब्याच्या बाबतीत बापाचा हक्क आधी आणि मुलाचे हित नंतर, ही सवय सावकाश मोडली. आईचे किंवा बापाचे नव्हे, केवळ मुलाचे हित पाहायचे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९४० मध्येच सांगितले होते. हिंदूंच्या पालकत्वाविषयीच्या १९५६ च्या कायद्याने पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे ठेवले, पण नैसर्गिक पालक म्हणून पहिले नाव बापाचेच राहिले. महाराष्ट्रातल्याच एका जमिनीच्या वादात १९७० मध्ये हे उघडे पडले. बाप जिवंत होता, पण कित्येक वर्षे वेगळा राहत होता. मुलीची जमीन आईनेच सांभाळून कुळाला दिली होती. अशा स्थितीत आईच नैसर्गिक पालक, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले.

१९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालये आणि त्यांतले विवाह समुपदेशक आले. दहा लाखांहून मोठ्या शहरांत ती सक्तीची होती. रत्नागिरी त्या मापात बसत नव्हती. जिथे असे न्यायालय नसते, तिथे घटस्फोट आणि ताबा दिवाणी बाजूला, तर पोटगी दंडाधिकाऱ्यांपुढे, अशी विभागणी चालते, आणि एकाच आईला दोन कोर्टांच्या तारखा सांभाळाव्या लागतात. ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याला भेटीची मुभा मिळते: ठरलेले वार, सुट्टीतले काही दिवस, बाप बोटीवर किंवा आखातात असेल तर फोन. जाणत्या मुलाशी न्यायाधीश चेंबरमध्ये बोलतात. त्याची पसंती विचारात घ्यायला १८९० च्या कायद्यातच वाव आहे.

किनाऱ्यावर कमाई सिद्ध करणे सर्वांत कठीण जाते. खलाशाला पगारपत्रक नसते, वाटा असतो, आणि पावसाळी बंदीत तोही नसतो. नौका स्वतःची असेल, तर तिची नोंदणी, मासेमारीचा परवाना आणि डिझेल परताव्याच्या नोंदी उपयोगी पडतात. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही बाजूंना मिळकत आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितले. थकबाकी वर्षाच्या आत मागावी लागते. वॉरंटनंतरही पैसे न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

अंतर कमी करण्याचे काम पुढेही चालू राहिले. २००३ पासून पत्नीला हिंदू विवाह कायद्याखालचा अर्ज, आणि त्यातच ताब्याची मागणी, स्वतः राहते तिथे करता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तात्पुरत्या आसऱ्याचे ठिकाणही पुरेसे मानले. १ जुलै २०२४ पासून १२५ ची जागा नव्या संहितेच्या कलम १४४ ने घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि रत्नागिरी जिल्ह्याची अपिले मुंबईऐवजी तिकडे जाऊ लागली.