हातचं वाण

संक्रांत तोंडावर आली की आपल्या भोकरच्या बाजारात एक प्रश्न दुकानादुकानातून ऐकू येतो. "डझनाचा काय भाव?" प्लास्टिकच्या डब्या, स्टीलच्या वाट्या, चाळण्या, साबणदाण्या, कंगवे, आरसे. दुकानदार गठ्ठे सोडून ठेवतो, बाया उभ्या राहून हिशेब करतात. इतक्या बोलवायच्या, इतके डझन, इतके पैसे. जमलं तर हळदी-कुंकू, नाही जमलं तर "यंदा आमच्याकडं नाही."

हे "यंदा आमच्याकडं नाही" मला दरवर्षी टोचतं. अतिवृष्टीनं सोयाबीन, कापूस गेला की त्या वर्षी हे वाक्य जास्त ऐकू येतं. मग ती बाई दुसरीकडंही जायचं टाळते. घ्यायला गेलं की द्यावं लागतं, आणि द्यायला हातात काही नाही. म्हणजे भेटायचा सण, आणि भेटवस्तूपायी भेट बंद. हे असं कधीपासून झालं, म्हणून जरा मागं जाऊन बघू.

आधी शब्द बघा. आपण वाण "देतो" असं म्हणत नाही, वाण "लुटतो" म्हणतो. जुन्या बायांच्या तोंडी "आवा लुटणे" असा शब्द अजून आहे. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. ऐपत असलेल्या घरची बाई कुंभाराचा अख्खा आवा विकत घ्यायची आणि जमलेल्या बायांनी त्यातली मडकी-गाडगी लुटून न्यायची. देणारीनं मोजायचं नाही, घेणारीनं लाजायचं नाही. हे झालं मोठ्या घरचं. बाकी घरांत सुगडं पुरायची.

त्या सुगडात काय असायचं? हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाची पेरं, गाजराचे तुकडे, ज्वारीचं कोवळं कणीस, भुईमुगाच्या शेंगा, वर तीळ-गूळ. जानेवारीत आपल्या शिवारात जे तयार असतं, तेच. आदल्या दिवशी भोगी, तिची भाजीही ह्याच शिवारातली. सुगडं घेऊन बाया ववसायला देवळात जायच्या आणि एकमेकींना ववसा द्यायच्या. ज्याच्या घरी बागायत त्याच्या घरचा ऊस, ज्याच्या घरी कोरडवाहू त्याच्या घरचे घाटे. मडकं कुंभाराचं, बाकी सगळं रानातलं. पुढं रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकू चालायचं. त्यातली हळद तर आपल्या नांदेड-हिंगोलीचीच. अर्धापूर, वसमतकडची शेतं आजही हळदीनं भरलेली असतात. आणि जुन्या पद्धतीचं कुंकूसुद्धा मूळ हळदीचंच. हळकुंडावर लिंबू, चुना, टाकणखाराचा प्रयोग केला की पिवळं लाल होतं.

जिथं हाताचं कसब दाखवायचं, तिथं हलवा. ज्यांनी तो घरी करताना पाहिलाय त्यांनाच कळेल की काय काम असतं ते. परात मंद आचेवर, त्यात तीळ नाहीतर खसखस, आणि वरून साखरेचा पाक थेंब-थेंब. हातानं सतत हलवत राहायचं. पाक वाळला की पुन्हा थेंब, पुन्हा हलवणं. एका दिवसात होत नाही. पोत्यातली साखर संपते, तशी बोटांची कातडीही. थंडी कोरडी असेल तरच दाण्याला काटा धरतो, ढगाळ हवा आली की चिकटून बसतो. मग त्या काटेरी दाण्यांचे दागिने. हार, बांगड्या, बाजूबंद, मुकुट. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर आणि लेकराला बोरन्हाणाला घालायचे. सोनं परवडत नाही त्या घरची सूनही एक दिवस नखशिखांत दागिन्यांनी मढायची. सणाची ही समजूत मला फार शहाणपणाची वाटते.

लांबच्या माणसांसाठी पोस्ट होतं. घडीच्या कार्डात चार दाणे हलव्याचे, खाली "तिळगूळ घ्या, गोड बोला" आणि सही. पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेलेल्या लेकरांना, मामा-मावश्यांना अशी कार्डं जायची. पोचेपर्यंत दाण्यांचा चुरा झालेला असायचा, तरी तो चुरा सगळ्या घरात वाटला जायचा.

मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं १९२५ साली भेटवस्तू ह्या विषयावर एक मोठा निबंध लिहिला. जगभरच्या समाजांचे दाखले देऊन त्यानं सांगितलं की भेटीला तीन बाजू असतात. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं. हे तिन्ही चालू असतं तोवर माणसं जोडलेली राहतात. आपल्या बायांना हे सांगायला फ्रान्सहून कुणी यायची गरज नव्हती. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हा नियम तोच आहे. वाणाचंही तेच. आज तुझ्याकडचं मी, उद्या माझ्याकडचं तू. कुणी दाता नाही, कुणी याचक नाही.

हाताच्या भेटीची ही ताकद देशाच्या राजकारणानंही ओळखली होती. बंगालच्या फाळणीचा दिवस, १६ ऑक्टोबर १९०५. रवींद्रनाथ टागोरांनी त्या दिवशी लोकांना एकमेकांच्या मनगटावर राखी बांधायला सांगितलं. हिंदूंनी मुसलमानांना, मुसलमानांनी हिंदूंना. खर्च काय, तर एक दोरा. पण कुणीही देऊ शकत होतं आणि कुणीही घेऊ शकत होतं, म्हणून ते आंदोलन झालं.

दुसरा प्रसंग आपल्या जास्त जवळचा आहे. २० नोव्हेंबर १९४७ ला लंडनमध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. जगभरातून अडीच हजारांवर भेटी आल्या. त्यातल्या दोन भेटींकडं भोकरच्या माणसानं नीट बघावं. एक होती हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान याची. हाच आपला तेव्हाचा राजा. देश स्वतंत्र होऊन तीन महिने झाले होते, पण मराठवाडा अजून निजामाच्याच ताब्यात होता. आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावं लागलं. ह्या निजामानं लंडनच्या कार्टिए ह्या जवाहिऱ्याला निरोप धाडला की राजकन्येला जे आवडेल ते तिनं निवडावं. तिनं हिऱ्यांचा हार आणि मुकुट निवडला.

दुसरी भेट गांधीजींची. त्यांच्याकडं द्यायला काही नव्हतं. मग माउंटबॅटन यांनी सुचवल्यावरून त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचं एक जाळीदार विणलेलं छोटं वस्त्र पाठवलं गेलं. मधोमध "जय हिंद" विणलेलं.

हिऱ्यांचा हार राणीनं आयुष्यभर वापरला, हे खरंच. मुकुट मात्र पुढं मोडला आणि त्याचे हिरे दुसऱ्या मुकुटात गेले. आणि ते सुती वस्त्र? २०२२ साली राणी वारल्या तेव्हा पंतप्रधान मोदींनी आठवण सांगितली की एका भेटीत राणीनं त्यांना गांधीजींनी लग्नात दिलेला तो रुमाल काढून दाखवला होता. सत्तर वर्षं सांभाळलेला. निजामाच्या हारात कुणाचे हात होते? त्यात इथल्या रयतेनं भरलेला साराही होता असं म्हटलं तर ते चूक ठरणार नाही. पण देणाऱ्याचा स्वतःचा हात त्याला एकदाही लागला नव्हता. निजामानं निरोप दिला, गांधीजींनी वेळ दिला.

ह्याच गांधीजींनी १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडलं की लेकरांचं शिक्षण हाताच्या कामातून व्हावं. पुढं १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं शाळेत कामाचा अनुभव असावा अशी शिफारस केली आणि आपल्या वेळापत्रकात "कार्यानुभव" हा तास आला. माझ्या पिढीला तो चांगला आठवत असेल. जुन्या लग्नपत्रिकांची भेटकार्डं, लोकरीच्या राख्या, कामट्या आणि पतंगी कागदाचा आकाशकंदील. डिंक नसला तर भोकराच्या फळाचा चिकट गर. आपल्या गावाच्या नावाचंच झाड, पण ते आता किती लेकरांनी पाहिलंय कोण जाणे. पुढं तो तास गणिताच्या सरांनी नाहीतर इंग्रजीच्या मॅडमनी मागून घ्यायला सुरुवात केली आणि आज "प्रोजेक्ट" झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो.

आपल्या तालुक्यातल्या तांड्यांवर आणखी एक भेट आहे, तिला तर वस्तूच लागत नाही. दिवाळीच्या अमावास्येच्या रात्री लग्न न झालेल्या बंजारा पोरी हातात दिवा घेऊन घरोघर फिरतात आणि प्रत्येक घराला गाण्यातून शुभेच्छा देतात. त्याला "मेरा" म्हणतात. ह्या पोरी लग्न होऊन तांडा सोडणार, त्याआधी दरवर्षी सगळ्या तांड्याला ही भेट देऊन जातात. घर पक्कं असो की कुडाचं, दिवा सगळ्यांच्या दारात येतो.

आता कुणी म्हणेल, तुम्ही पुरुष माणूस, तुम्हाला काय जातंय हाताचं कौतुक करायला? हलवा काय तुम्ही घोळणार? बरोबर आहे. हाताच्या भेटीमागं बाईची झोप होती, पाठ होती, धुरानं चुरचुरणारे डोळे होते. निंदणी-वेचणीहून आलेल्या बाईनं दुकानातून वाट्यांचा डझन आणला तर तिला कुणी नावं ठेवू नयेत. स्टीलची वाटी वीस वर्षं टिकते, वापरात येते. शिवाय शिवारही बदललं. सोयाबीन आलं तसं तीळ, जवस, करडई धुऱ्यावरून हटली. घरात तीळ नाही म्हटल्यावर विकतचा तीळ आणि विकतची वाटी यात फरक तरी काय, असं वाटणारच.

फरक पुढं पडला. वाण एकदा विकतचं झालं की ज्याचा खिसा मोठा, त्याचं वाण मोठं. आणि आपल्या गावात सगळ्यात मोठा खिसा कुणाचा, हे तुम्हाला सांगायला नको. मी पत्रकारितेची पदविका घेऊन आलो तेव्हापासून दर जानेवारीला प्रेसनोटा बघतोय. "अमुक यांच्या वतीने भव्य हळदी-कुंकू. महिलांची अलोट गर्दी. प्रत्येकीस आकर्षक वाण." खाली फोटो, फोटोत देणाऱ्याचा बॅनर. ह्या नोटांमध्ये पातेली मोजलेली असतात, साड्या मोजलेल्या असतात. घेणाऱ्या बाईचं नाव मात्र एकदाही छापायला आलेलं नाही. निवडणूक जवळ असली की पातेलं मोठं होतं, लांब असली की कार्यक्रमच होत नाही.

इथं मॉसची तिसरी बाजू आठवा. ह्या वाणाची परतफेड ती बाई कशी करणार? देणाऱ्याच्या घरी घाटे-बोरं घेऊन ती जाऊ शकत नाही. तिच्याकडं परत करण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मत. कायद्यालाही हे कळतं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ मतासाठी दिलेल्या भेटीला लाचच म्हणतं. फक्त त्या भेटीवर हळद-कुंकवाचं बोट लागलं की आपण सगळे तिला सण म्हणतो.

आणि हिशेब मांडायचाच तर जुन्या वाणाचाही मांडू. त्यातही एक मोठा अन्याय होता. घरोघर तीळ निवडणारे, गूळ चिरणारे, शेंगदाणे भाजणारे हात बऱ्याचदा विधवा आज्जीचे, आत्याचे असायचे. ज्या हातानं वाण बनायचं, त्या हाताला वाण द्यायची मुभा नव्हती. बाया यायच्या तेव्हा ती आतल्या खोलीत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. परिपत्रक आलं, पण उंबरा अजून बहुतेक घरांत तसाच आहे. जुनं परत आणायचं तर हे सोडून आणायचं.

मग यंदा काय करता येईल? फार मोठं काही नाही. एका गल्लीतल्या, एका भिशीतल्या बायांनी आधीच ठरवून घ्यावं की वाण घरचंच किंवा रानातलंच. तिळाच्या दोन वड्या. जवसाच्या चटणीची पुडी. जुन्या साडीची शिवलेली पिशवी. परसातल्या वाल-दोडक्याचं बी कागदात बांधून, वर नाव लिहून. जिला वेळ नाही तिनं गावातल्या बचत गटाकडून घ्यावं, सुगडं आपल्याच कुंभाराकडून घ्यावीत, म्हणजे पैसाही गावातच राहील. पण अट एकच, कुणाचंही वाण दुसरीला परत करता येणार नाही इतकं भारी नको. आणि बोलावणं सगळ्यांना. कुंकू लावायचं की नाही ते जिचं तिनं ठरवावं, तिळगूळ मात्र तिच्या हातूनही घ्यावा आणि तिच्याही हातावर ठेवावा. पुरुषांनी निदान शेंगदाणे भाजावेत, गूळ चिरावा. तेवढं तर येतंच.

शाळेतल्या गुरुजी-बाईंनाही विनंती. संक्रांतीच्या आठवड्यात एक तास लेकरांना कागद-कात्री द्या आणि आज्जीला, मामाला चार ओळी लिहायला लावा. पोस्टकार्ड अजूनही पन्नास पैशांनाच मिळतं.

बॅनरवाल्यांचं हळदी-कुंकू व्हायचं ते होईल. तिथं जाऊ नका असं मी म्हणणार नाही, मिळणारी वस्तू गरजेची असते. पण तिला वाण म्हणू नका. वाण ते, ज्याचं आपल्याला उद्या उत्तर देता येतं.

तुमच्या घरी, तुमच्या तांड्यावर, गल्लीत पूर्वी काय वाण असायचं ते खाली लिहा. आईला, आज्जीला विचारून लिहा. जेवढं जमेल तेवढं एकत्र करून संक्रांतीच्या आधी पुन्हा टाकतो, म्हणजे ज्यांना यंदा करायचंय त्यांच्या उपयोगी पडेल.