मोटारीच्या फळीवरचे काटे



पुण्याहून नगरला जाणारा मोठा रस्ता शिरूरला घोडनदी ओलांडतो. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे आणि नगर यांच्या दरम्यान धावली, ती याच रस्त्याने. बेडफर्ड बनावटीची, लाकडी सांगाड्याची ती गाडी होती. त्याआधी खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या जीपा आणि छोट्या मालमोटारीही खेड्यापाड्यांत आल्या. त्या गाड्यांचे इंजिन, टप, भोंगा यांची आठवण पुष्कळजण काढतात. पण ड्रायव्हरच्या समोरच्या फळीवर जे चार-पाच गोल काटे असत, त्यांचे नाव कोणी घेत नाही. आज त्यांच्याचविषयी थोडे बोलू या.

हे काटे शोभेसाठी नव्हते. इंजिनाचे तेल कमी झाले, दाब उतरला, की आतली बेअरिंगे तापून वितळत. मग ऐन बाजाराच्या दिवशी भाजीपाल्याने भरलेली गाडी रस्त्यातच बसायची. म्हणून जाणता ड्रायव्हर रस्त्याइतकेच तेलाच्या काट्याकडे लक्ष ठेवी.

तेलाचा हा काटा चालतो कसा? जत्रेत मुले गुंडाळलेली कागदी पिपाणी फुंकतात, ती आपण पाहिली आहे. फुंकर मारली की ती सरळ होते, थांबली की पुन्हा गुंडाळते. काट्याच्या डबीत अशीच एक चपटी, वाकवलेली पितळी नळी असते. इंजिनातून बारीक तांब्याच्या नळीने तेलाचा दाब तिच्यात येतो, ती किंचित उलगडते आणि काटा फिरवते. पॅरिसच्या युजीन बूर्दों या कारागिराने १८४९ साली या नळीचे पेटंट घेतले.

आता आपल्याच जिल्ह्यातल्या दौंडकडे पाहा. १८५८ साली पुण्याहून निघालेला लोहमार्ग दौंडवरून पुढे गेला, आणि १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाल्यावर दौंड हे जंक्शन बनले. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर जे मोठे दाबमापक असे, त्यातही बूर्दोंचीच नळी. म्हणजे दौंडला रुळावरून आलेले तत्त्व शिरूरला रबरी चाकांवरून आले, एवढाच फरक!

वेगाच्या काट्याची गंमत निराळी. चाकांच्या गतीबरोबर एक लवचिक तार फिरते आणि डबीतले लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, पण दोघांचा स्पर्श होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह उत्पन्न होतो आणि वाटी ओढली जाते. केसासारखी स्प्रिंग तिला मागे धरते. या ओढाताणीत काटा जेथे ठरतो, तो वेग. जर्मनीच्या ऑटो शुल्झे याने १९०२ साली याचे पेटंट घेतले. शिक्षकबंधूंनी वर्गात शिकवावे असे हे उदाहरण आहे.

आज अशी एखादी जुनी गाडी गोठ्याच्या आडोशाला सापडली, की पुष्कळजण ती रंगवून घेतात आणि जुने काटे भंगारात देऊन नवे बसवतात. माझी विनंती अशी, की घाई करू नका. बहुतेक काटे मेलेले नसतात, झोपलेले असतात.

वेगाचा काटा नाचत असेल तर आधी तार पाहावी. ती रॉकेलने धुवावी आणि थोडे ग्रीस लावावे, पण वरची चार बोटे कोरडी ठेवावीत. नाहीतर ग्रीस चढून वाटीत जाते आणि काटा चिकटतो. तेलाच्या नळीत गाळ बसतो. तो हळू धुवावा. पंपाची जोरकस हवा मारू नये, त्याने आतली नळी कायमची ताणली जाते. विजेच्या काट्याला हात लावण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी. पाण्याच्या उष्णतेच्या काट्याची लांब केशनळी मात्र कधीही कापू नये. तिच्यात ईथर असते. ते उडून गेले की काटा निकामी, शिवाय ईथर चटकन पेट घेते. ते भरण्याचे काम जाणत्या कारागिराचेच. तो काटा धड आहे की नाही, हे विजेच्या किटलीतल्या उकळत्या पाण्यात टोक बुडवून कळते. शिरूर समुद्रसपाटीपासून अर्ध्या किलोमीटरहून उंच असल्याने काट्याने २१२ नव्हे, सुमारे २०९ अंश फॅरनहाइट दाखवावे.

एक गोष्ट जपून करावी. लष्करी गाड्यांच्या काही तबकड्यांवर, रात्री चमकावे म्हणून, रेडियमचा रंग असे. चमक गेली तरी रेडियम जात नाही, त्याची तीव्रता निम्मी व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. अमेरिकेत १९२० च्या दशकात तो रंग भरणाऱ्या कित्येक मुली ओठांनी कुंचल्याला टोक काढता काढता आजारी पडून दगावल्या. तेव्हा तशी तबकडी उघडू नये, खरवडू नये, मुलांच्या हाती देऊ नये.

शेवटचे एक. या तबकड्यांवर मैल, पौंड आणि फॅरनहाइट लिहिलेले असतात. १९५६ च्या कायद्याने आपण मेट्रिक मापे स्वीकारली. म्हणून काहीजण मैल पुसून किलोमीटर लिहून घेतात. तसे करू नये. २५ मैल म्हणजे ४० किलोमीटर, एवढी चिठ्ठी शेजारी लावली की काम भागते. धावलेल्या मैलांचा आकडाही शून्यावर आणू नये. गाडीने किती माती तुडवली, किती बाजार केले, याची ती नोंद आहे. आपल्या गावच्या दळणवळणाचा इतिहास दप्तरांत फार थोडा लिहिला गेला. त्यातली एक ओळ या काचेआड शाबूत आहे. ती पुसणे एका मिनिटाचे काम आहे, पण पुन्हा लिहिता येणार नाही.