कवळ, बेणणी आणि 'कटिंग'

हल्ली खेडहून फोन आला की ऐकू येतं, "वरकसातल्या झाडांचं कटिंग झालं." चहा सोडून कशालाही कटिंग म्हटलेलं मला अजून पचत नाही!

आमच्याकडे कवळ तोडत, आंब्याखालचं रान बेणत, भाजी खुडत, बांबू चिरून बेळं काढत, कुदळीचा दांडा वाकसाने तासत. किती काढायचं आणि किती राखायचं, हे त्या क्रियापदातच असे. दांडा तासताना उडणारी ढलपी चुलीत जाई. कवळाचं उलटं. तोडलेलं कामाचं आणि मागे उरलेलं जगवायचं.

कवळ म्हणजे ऐन-किंजळाच्या पानांसकट तोडलेल्या फांद्या. कमरेच्या आकडीला कोयती अडकवून गडी झाडावर चढे आणि खोड राखून फांद्या उतरवी. त्या वाळल्या की शेण, पातेरा, गवत आणि वर माती असे थर देऊन पावसाआधी दाढ भाजायची. त्याच राखेत भाताचा तरवा. झाड मेलं तर पुढच्या वर्षांचा राब कुठून आणणार?

जंगल खात्याला मात्र यात झाडांची नासाडी दिसे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही भांडणं इतकी पेटली, की मुंबई सरकारला १८८५ साली आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. शेतकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: राबाशिवाय भात नाही.

त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधीचं, १७१५ च्या सुमाराचं रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र बघा. आरमाराला लाकूड हवंच, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही. अगदी जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडायचं. मला हे आयोगापेक्षा शहाणपणाचं वाटतं. असो.

पुढे रासायनिक खत आलं, झाडावर चढणारे मुंबईला गेले, दाढ भाजणं कमी झालं. कवळाची गरज संपली आणि शब्दही मागे पडला. आता रत्नागिरी जिल्ह्यातली खाजगी जंगलं सरसकट तोडायला दिली जातात, यांत्रिक करवतीने बुंध्यापासून. ऐनाच्या खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात. ते जरा जाडजूड झाले, की ठेकेदार परत येतो.